लीन की लय्यिन

नऊ महिन्यांचा अनस सोफ्यावरून पडला, थोडा रडला आणि चमचा चोखायला लागला. निहालचा जीव मात्र थाऱ्यावर येईना. शेवटी तिचा नवरा शरीफ बाळाला डॉक्टरांकडे घेऊन निघाला. तीही निघाली होती, पण सासूबाईंनी दारातच अडवलं.

"तू बस इथंच. तिथं रडलीस तर डॉक्टर पोराला सोडून तुलाच तपासत बसतील."

तासाभराने शरीफचा मेसेज आला : 'डॉक्टर म्हणाले, हाडं लीन.'

अरबीत लीन म्हणजे हाडं मऊ पडायचा रोग. निहालने फोन लावला; शरीफचा बंद. ती सासूबाईंकडे धावली.

"आई, अनसचे पाय वाकडे होणार."

इन्साफबाई एरवी सुनेला घाबरट म्हणायच्या. आज त्यांनी थेट बाल्कनी गाठली आणि खालच्या मजल्यावर हाक दिली. "अगं सुआद, पोराची हाडं मऊ निघाली. सार्डिन मासे आहेत का घरात?"

अलेक्झांड्रियात अशी बातमी जिन्याने नाही, बाल्कन्यांवरून चढते. सुआद तळलेले सार्डिन घेऊन आली, वरच्या मजल्यावरची तहानी माशाचं तेल घेऊन. बाल्कनीतले वाळते कपडे काढून त्यांनी अनससाठी उन्हात गादी टाकली. एवढ्या बायका डोळे पुसत असताना शरीफ दारात उभा राहिला. अनस त्याच्या कडेवर, पायाचा अंगठा तोंडात.

"कोण गेलं?"

"तूच लिहिलंस ना, लीन म्हणून," निहाल म्हणाली.

"लीन कुठं? लय्यिन. लवचिक. डॉक्टर म्हणाले, ओल्या फांदीसारखी हाडं आहेत, वाकतील पण मोडायची नाहीत. मी तेवढंच लिहिलं आणि फोनची बॅटरी संपली."

"दोन्हींची अरबी अक्षरं तीच आहेत. लय्यिनच्या 'य'वर जोराची खूण द्यायला काय झालं होतं?"

"फोनवर खुणा कोण देतं? आणि शाळेत अरबी शिकवतं कोण, मी की तू?"

निहालने अनसला ओढून घेतलं, त्याचा पाय हळूच वाकवला, सोडला. पाय टुणकन जागेवर आला. तिने पुन्हा वाकवला. अनस खिदळला. मग तिला इतकी भूक लागली की सुआदचे अर्धे सार्डिन तिनेच संपवले.

बाल्कनीत इन्साफबाई समोरच्या इमारतीला सांगत होत्या, "बरा झाला हो. नुसतं ऊन दाखवलं, आणि हाडं बघा कशी लवचिक झाली."

शरीफ आईला थांबवायला निघाला. निहालने त्याची बाही धरून खाली बसवलं.

"सांगू दे," ती म्हणाली.