मोठीबाईंनी पेन घेतलं त्याची हकिकत

माणसाची लायकी त्याच्या खिशाला काय अडकवलेलं आहे यावरून ठरते, हे आता सर्वत्र मान्य झालेलं आहे. एक बॉलपेन दिसलं तर माणूस कारकून, दोन दिसली तर हेडकारकून, आणि सोनेरी क्लिपचं शाईचं पेन दिसलं तर समोरच्याने खुर्चीतून थोडं उठायचं. खिशाला काहीच नसेल तर तो मालक तरी असतो नाहीतर बेकार. ज्यांच्या कपड्यांना खिसाच नसतो, त्यांच्याविषयीचा निर्णय प्रलंबित आहे. (त्या बहुतेक बायका असतात, त्यामुळे घाई नाही.)

मोठीबाईंना हा नियम कोणाला शिकवावा लागला नाही. चाळीस वर्षं त्या कोटांचे पेनाचे खिसेच शिवत होत्या. कोट शिंपीमास्तर कापायचे, मशीनही मास्तर मारायचे. पण काजं आणि अस्तराला आतून जोडलेला पेनाचा अरुंद खिसा हे हाताचं काम मोठीबाईंच्या घरी यायचं. त्यांच्या अंदाजाप्रमाणे गावातल्या दर प्रतिष्ठित माणसामागे त्यांचा सव्वा खिसा आहे. (वरचा पाव हा पोट सुटल्यावर नवा कोट शिवणाऱ्यांचा.) खिशाची खोली पाहून त्या माणूस सांगायच्या.

"याला अर्धं बोट उथळ हवाय. म्हणजे टोपण बाहेर दिसायला पाहिजे. बढती अडकलेली दिसतेय मेल्याची."

स्वतः मोठीबाईंनी दुसरीत शाळा सोडली. शाळेनेही अडवलं नाही. तिसाव्या वर्षापर्यंत त्या अंगठा लावत होत्या, आणि त्याबद्दल त्यांना काही वाटत नव्हतं. मग एकदा एका कचेरीतल्या कारकुनाने त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवला, कागदावर दाबला, आणि फडकं काढून स्वतःचा हात पुसला. त्यांचा नाही. दुसऱ्या दिवशी मोठीबाईंनी मास्तरांकडून एका चिंधीवर खडूने आपलं नाव लिहून घेतलं आणि महिनाभर त्यावर सुईने टाके घातले. नाव अकरा टाक्यांत बसलं. ते हातात बसल्यावर त्यांनी पेन धरलं. त्यामुळे मोठीबाईंची सही आजही कागदाच्या दोन्ही बाजूंनी वाचता येते.

सही आली, आता पेन हवं. बाजारपेठेतल्या पेनांच्या दुकानात काचेमागे मखमलीच्या उशीवर एक काळं, जाडजूड, सोनेरी निबचं पेन झोपलेलं असायचं. मोठीबाई सव्वीस वर्षं त्या काचेसमोर थांबत आल्या. दर वर्षी घ्यायचं ठरायचं आणि दर वर्षी योग्य कारणाने रहित व्हायचं. मुलाची फी, छप्पर, मुलाचं लग्न, पुन्हा तेच छप्पर, आणि एका वर्षी दुकानदाराने "काय बघताय बाई?" असं विचारलं म्हणून. या काळात पेन तीनदा बदललं. उशी तीच होती.

यंदा नातीचं लग्न ठरलं. लग्न नोंदणी कचेरीत व्हायचं होतं, आणि दोन्हीकडून एकेक साक्षीदार लागत होता. नातीने सांगितलं, "माझ्याकडून आजी." नवऱ्यामुलाकडून त्याची आजी, निवृत्त मुख्याध्यापिका. नात्याने ती मोठीबाईंची कोण लागते यावर घरात बरीच चर्चा झाली आणि शेवटी सोयीसाठी तिला विहीणबाई म्हणायचं ठरलं. या विहीणबाई पहिल्या भेटीला आल्या तेव्हा त्यांच्या पर्सच्या पट्ट्याला सोनेरी क्लिपचं शाईचं पेन लावलेलं होतं. चहा झाला. साक्षीदारांचा विषय निघाला. विहीणबाईंनी मोठीबाईंच्या हातावर प्रेमाने हात ठेवला.

"तुम्ही अगदी काळजी करू नका हं. अंगठा लावलात तरी चालतं कायद्याने."

मोठीबाई हसल्या. (हे हसणं सूनबाईंच्या ओळखीचं होतं. त्या कप उचलून आत गेल्या.) दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी मोठीबाई काचेसमोर हजर होत्या.

किंमत त्यांनी घरात कोणालाच खरी सांगितली नाही. मुलाला निम्मी सांगितली, सुनेला तिप्पट.

पेन घरी आलं. त्याची पेटी मोठीबाईंच्या शिवणाच्या डब्यापेक्षा मोठी होती. पेटीत पेन होतं, मखमल होती, नऊ भाषांतलं माहितीपत्रक होतं आणि शाई नव्हती. शाई वेगळी घ्यायची असते, हे त्या नऊ भाषांपैकी प्रत्येकीत सांगितलेलं होतं. त्यांत आपली नव्हती. शाई आणली. मग मोठीबाईंनी सगळ्यांना समोर बसवून, कोरा कागद घेऊन, पहिलं अक्षर काढलं.

अक्षर त्यांचंच आलं.

हा धक्का मोठा होता. सव्वीस वर्षं त्यांची अशी समजूत होती की सुंदर अक्षर पेनात असतं. नाहीतर लोक इतके पैसे कशाचे मोजतात? त्यांनी दुसरं अक्षर काढून पाहिलं. तेही त्यांचंच. तिसऱ्याला निब फाकली आणि कागदाला भोक पडलं.

"आजी, इतकं दाबायचं नसतं," नात म्हणाली. "शाईचं पेन हलक्या हाताने चालवायचं."

"हलक्या हाताने?" सूनबाई दारातून म्हणाल्या. "आईंना?"

मोठीबाईंनी आयुष्यात एकही गोष्ट हलक्या हाताने केलेली नव्हती, आणि याचे साक्षीदार घरातच बसलेले होते.

मोठीबाई पेन घेऊन दुकानात गेल्या. दुकानदाराने निब सरळ करून दिली आणि नम्रपणे समजावलं की पेनात दोष नाही. भारी पेनाला हाताची सवय व्हायला वेळ लागतो, साधारण दोन वर्षं. लग्नाला अकरा दिवस होते.

मग घरात पेनाचे नियम जाहीर झाले. पेन आडवं ठेवू नये, शाई गळते. उभं ठेवू नये, शाई वाळते. पेनाला कोणी हात लावू नये. लागलाच तर धुतलेला असावा. पेनाच्या खोलीत पंखा लावू नये. मोठीबाई सराव करत असताना कोणी "जमतंय का?" असं विचारू नये. (या शेवटच्या नियमाचा भंग मुलाने पहिल्याच दिवशी केला आणि त्याला जेवणासाठी ताटकळावं लागलं.) अकरा दिवसांत एकशे चाळीस सह्या झाल्या. त्यांपैकी सहा वाचता येत होत्या, आणि त्या सहाही बॉलपेनाने केलेल्या होत्या, तुलनेसाठी. एवढं होऊनही घरी आलेल्यांना मोठीबाई सांगत होत्या, "पेन म्हणजे अगदी लोणी आहे हो." भारी वस्तू निराशाजनक निघाली तर तिची स्तुती वाढवावी लागते, हा खर्चाचाच एक भाग आहे.

नोंदणीच्या दिवशी सकाळी त्यांनी पेनात शाई भरली. निम्मी पेनात गेली. उरलेली उजव्या अंगठ्यावर पेरापर्यंत चढली. पेन ठेवायला त्यांनी पदराआड बसेल असा एक खिसा रात्रीच आपल्या पोलक्याला शिवला होता. अर्धं बोट उथळ.

नोंदणी कचेरीची खिडकी एकला बंद व्हायची. ती हुकली तर पुढची तारीख अडीच महिन्यांनी मिळणार होती. नवरामुलगा नवव्या दिवशी परदेशी नोकरीवर निघणार होता. नोंदीचा कागद हातात असेल तर नातीला घेऊन, नसेल तर एकटा. हे सगळं मोठीबाईंना ठाऊक होतं. त्यांना काळजी फक्त सहीची होती.

बारा वाजून वीस मिनिटांनी नाव पुकारलं. मोठीबाई पुढे झाल्या, पोलक्यातून पेन काढलं आणि विहीणबाईंना दिसेल अशा बेताने टोपण फिरवलं.

"आजी, पेन आत ठेवा," कारकून म्हणाला. "अंगठा ठेवा."

टेबलावर काडेपेटीएवढं एक यंत्र होतं. त्याला हिरवा आणि लाल असे दोन दिवे होते.

"मला सही येते," मोठीबाई म्हणाल्या.

"तुम्हाला येत असेल हो. यंत्राला येत नाही. आता सगळ्यांचा अंगठाच घेतात."

विहीणबाईंनी अंगठा ठेवला. हिरवा दिवा लागला. मोठीबाईंनी ठेवला. लाल.

"शाई लागलीय तुमच्या अंगठ्याला. शाई लागलेला अंगठा चालत नाही."

"अरे बाबा, पूर्वी शाई लावल्याशिवाय चालत नव्हता!"

"नियम बदलले, आजी. धुऊन या."

नळ जिन्याखाली होता. मोठीबाई अंगठा घासत होत्या. दुकानदाराने शाई वर्षानुवर्षं टिकेल अशी हमी दिली होती, आणि ती हमी खरी निघाली. एवढ्यात विहीणबाई मागून आल्या, पर्समधून साबणाची वडी काढली आणि मोठीबाईंचा अंगठा चोळू लागल्या. शाळेत पोरांचे हात धुवायची सवय असावी.

"तुम्ही अंगठा लावलात की हो," मोठीबाई म्हणाल्या.

"लावला. आणि पहिल्या फटक्यात पास झाले." विहीणबाई हसल्या. "त्या दिवशी उगीच बोलले मी. पेन नवीन घेतलंत ना? कसं आहे?"

"लोणी आहे." मग साबणाच्या फेसाकडे बघत मोठीबाई म्हणाल्या, "मेलं एक अक्षर धड उमटत नाही. तुमचं?"

विहीणबाईंनी आपल्या पर्सवरच्या पेनाकडे पाहिलं.

"आठ वर्षं कोरडं आहे. निवृत्तीच्या दिवशी शेवटची सही केली. पुढे कशावर करायची? किराणाच्या यादीवर?"

"मग लावून कशाला फिरता?"

"टोपण दिसलं की लोक अजून नीट बोलतात हो."

हे मोठीबाईंना पटलं. त्यांचा सगळा धंदाच त्यावर चाललेला होता.

शाई निघाली. बारा वाजून चाळीस मिनिटांनी अंगठा पुन्हा यंत्रावर ठेवला. लाल. पुसून ठेवला. लाल. फुंकर मारून ठेवला. लाल. कारकुनाने भिंग आणून अंगठा तपासला.

"आजी, याच्यावर रेषाच नाहीत हो. अंगठा कोरा आहे तुमचा."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. मोठीबाईंनीही पाहिलं, तिसाव्या वर्षानंतर बहुधा पहिल्यांदाच. चाळीस वर्षं सुई रेटताना आणि दोरा आवळताना अंगठ्याच्या रेषा एकेक करून कोटांत निघून गेल्या होत्या. गावातल्या सगळ्या प्रतिष्ठित माणसांच्या छातीशी, पेनाच्या खिशाला लागून त्या आजही असतील. (परत मागवण्याची सोय नाही.)

नातीचा चेहरा उतरला. "साक्षीदार बदलता येईल का?" तिने विचारलं.

"येईल ना. नवा अर्ज करा. अडीच महिने."

घड्याळात एकला बारा मिनिटं होती. मोठीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं आणि टेबलावर तळहात आपटला.

"दुसरा काही कागद असेलच तुझ्याकडे. चाळीस वर्षं कचेऱ्या बघतेय मी. तुम्ही लोक एक दार बंद करता तेव्हा त्याचा एक फॉर्म करून ठेवता."

कारकून थोडा लाजला आणि त्याने खणातून फॉर्म काढला. ज्यांना जन्मतः अथवा अपघाताने अंगठा नाही, अशा व्यक्तींसाठीचा अपवाद. अशा व्यक्तीने 'मला अंगठा नाही' असं लिहून द्यावं आणि नाइलाज म्हणून सही करावी.

"पण तुम्हाला तर अंगठा आहे," तो म्हणाला.

"यंत्राला विचार," मोठीबाई म्हणाल्या. "लिही. नाही."

पुन्हा पेन निघालं. पुन्हा टोपण फिरलं. कारकुनाने त्यावर हात आडवा धरला.

"शाईचं नको, आजी. तीन प्रती आहेत, मध्ये कार्बन आहे. दाबून लिहावं लागतं."

टेबलाच्या पायाला दोऱ्याने एक बॉलपेन बांधलेलं होतं. त्याला टोपण नव्हतं आणि मागचा भाग कोणीतरी चावलेला होता. दोरा इतका आखूड की सही करणाऱ्याला कमरेत वाकावं लागे. सव्वीस वर्षांची हौस पोलक्यात परत गेली आणि मोठीबाई वाकल्या. एकला चार मिनिटं असताना त्यांनी अकरा टाके घातले. पहिल्या प्रतीवर उठले, दुसऱ्या प्रतीवर उठले, तिसरीवर उठले आणि खालच्या टेबलावरही उठले.

"इतकी स्पष्ट तिसरी प्रत मी नोकरीत पाहिलेली नाही," कारकून म्हणाला, आणि खुर्चीतून थोडा उठला.

नोंद झाली. नात गेली, कागदासकट. पेन पेटीत आहे. पाहुण्यांना दाखवतात, तेव्हा ते लोणीच असतं.

त्या दिवसाचं नोंदणीपुस्तक कोणालाही पाहता येतं. एकूण अठ्ठेचाळीस माणसं येऊन गेली. त्यांत दोन डॉक्टर, एक प्राध्यापक, चार इंजिनियर, एक निवृत्त मुख्याध्यापिका आणि एक वकील (कोट मोठीबाईंच्या हातचा). सत्तेचाळीस जणांनी अंगठा लावला. सही एकाच नावापुढे आहे, आणि तिच्याशेजारी शेरा आहे: 'साक्षीदारास अंगठा नाही. नाइलाजाने सही चालवून घेतली.'

आपण वाचक शिकलेले आहात, म्हणून एवढंच विचारते. आज उठल्यापासून स्वतःचं नाव स्वतःच्या हाताने किती वेळा लिहिलंत? अंगठा किती वेळा टेकवलात, ते विचारत नाही. चारचौघांत तसं विचारलं की शिकलेल्या माणसाला लागतं.