फाट्यावरचा बिनचेहऱ्याचा फ्लेक्स

साखऱ्याच्या फाट्यावर एक फ्लेक्स लागला आणि त्यावर कुणाचाच फोटो नव्हता. बाब अत्यंत गंभीर होती. आमच्या हिंगोली जिल्ह्यात माणूस जन्मला, वारला, बारावीला दुसऱ्यांदा बसला किंवा नुसता पुण्याहून गावी आला तरी फ्लेक्सवर झळकतो. बिनचेहऱ्याचा फ्लेक्स म्हणजे नवरदेवावाचून निघालेली वरात.

हा उपद्व्याप निवृत्त हवालदार रखमाजीचा. फौजेतून परतलेल्या माणसासाठी समाजाने मोठ्या आदराने एकच जागा राखून ठेवली आहे, बँकेच्या दारातलं स्टूल. पण रखमाजीचं डोकं फिरलेलं. "जलमभर पहारा देला. आता हातानं कायतरी बनवीन," असं बायकोला सांगून त्याने हिंगोलीच्या एका कॉलेजात डिझाइनच्या पदविकेला नाव घातलं.

"बँकेत पंखा असतोय," सत्यशीला एवढंच म्हणाली.

कॉलेजात मंजुषा मॅडम वर्गात आल्या की रखमाजी टाचा आपटून ताठ उभा राही. त्याच्या धाकाने मागच्या बाकावरची पोरंही उभी राहू लागली, आणि मग यायचीच बंद झाली. रखमाजी मात्र जीव ओतून शिकला. मॅडमचं म्हणणं, डिझाइनचा जीव मोकळ्या जागेत असतो. जागा मोकळी ठेवा, नजर आपोआप मजकुरावर जाते. शेवटची परीक्षाही त्यावरच होती. प्रत्येकाने आपापल्या गावात एक फ्लेक्स लावायचा. "शुक्रवारी मी येईन आणि लोकांना विचारेन, यावर काय लिहिलंय? एकाने जरी सांगितलं तरी तुम्ही पास. पण उत्तर तुम्ही पुरवायचं नाही हं, रखमाजीराव."

रखमाजीने पांढराशुभ्र फ्लेक्स केला, खाली 'हापशावर गाड्या धुऊ नका' एवढी ओळ घातली आणि फाट्यावरच्या हापशाशेजारी ताणून बांधला. फार दिवसांनी त्याला स्वतःचा अभिमान वाटला.

तासाभरात सरपंच जळबा हजर. "हवालदार, मधातली जागा फुकट पडून राहिली की. मपला फोटो टाक."

"न्हाई सरपंच. ती मोकळीच ठिवायची."

"काहून?"

"वरून हुकूम हाय," रखमाजी म्हणाला. फौजी सवय, दुसरं काय!

जळबाने टोपी नीट केली आणि तो आल्या पावली परत गेला. रखमाजी जेवायला घरी गेला, तेवढ्यात वसरामने आपल्या बोकडाच्या वाढदिवसाचा फोटो फ्लेक्सच्या मधोमध चिकटवला. रखमाजीने तो सन्मानपूर्वक काढला. मग ट्रंकेतली वर्दी काढून, इस्त्री करून, शिट्टी अडकवून तो फ्लेक्सखाली उभा ठाकला. इंचभर जागा सोडायची नाही हे त्याच्या अंगात भिनलेलं.

इथेच घोळ झाला. मोकळी जागा, वरचा हुकूम आणि खाली वर्दीतला पहारा! गावाने हिशेब जुळवला. जिल्हा परिषदेची निवडणूक तोंडावर, म्हणजे ही जागा कुण्या बड्या साहेबासाठी राखीव. ज्याचं नावसुद्धा सांगता येत नाही, तो केवढा माणूस असेल! जळबाने तातडीने हार घातला. विरोधी गटाच्या रतनसिंगने त्याहून मोठा घातला आणि 'विकासपुरुषाचा विजय असो' अशी आरोळी ठोकली. सेनगावहून एसटी आली की ड्रायव्हर हात जोडू लागला. नुकत्याच धुतलेल्या चकचकीत जीपा दर्शनाला रांगेत लागल्या.

चंद्रभागाबाई शेळ्या घेऊन आली. हापशापाशी नुसता राडा झालाय, लेकरं घसरून पडायलीत, अशी तक्रार तिने पांढऱ्या जागेपुढे पदर पसरून केली. परतताना म्हणाली, "मानूस चांगला हाय माय. मधी बोलला न्हाई. पहिल्या मेंबरपरीस बरा."

रखमाजी सगळ्यांना घसा कोरडा करून सांगत होता, "आरं, कुनी न्हाई तिथं!" लोक डोळे मिचकावून म्हणत, "आमी कुटं काय म्हनलं, हवालदार?"

शुक्रवारी मॅडम आल्या. गर्दीतून वाट काढत त्यांनी जळबाला विचारलं, "यावर काय लिहिलंय?"

"लिवायची गरजच न्हाई, मॅडम. साहेबांना कोन वळखत न्हाई?"

"अहो, तिथं कुणीच नाहीये!"

"तेच तर!" जळबाने फ्लेक्सपुढे हात जोडले. "इतका साधा मानूस! सोताचा फोटोबी लावत न्हाई."

रतनसिंगने विकासपुरुष लिहिल्याचं छातीठोक सांगितलं. वसराम म्हणाला, "वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. फ्लेक्सवर दुसरं काय असतंय?" रखमाजीने मोठ्या आशेने सत्यशीलाकडे पाहिलं. ती रोज इथेच त्याचा डबा घेऊन येत होती.

"डबा सांभाळू का वाचत बसू?" सत्यशीला म्हणाली.

ती ओळ रखमाजीच्या ओठावर होती, पण कॉपी करणाऱ्यातला तो नव्हे. त्याचा चेहरा पाहून मॅडमना गलबलून आलं. "निकाल राखून ठेवते," त्या म्हणाल्या. "कधीही, कुणीही एकाने सांगू दे, तुम्ही पास."

संध्याकाळी ग्रामसभा भरली आणि साहेबांच्या संरक्षणासाठी रखमाजीची कायमस्वरूपी नेमणूक झाली. सोबत एक स्टूल मिळालं.

"बँकेत पंखा तरी व्हता," सत्यशीला म्हणाली.

तेव्हापासून रखमाजी त्या स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो, भाऊ, यावर काय लिवलंय? लोक फ्लेक्सला नमस्कार करून पुढे जातात. अडाणी लोक, दुसरं काय करणार!

तुम्ही मात्र शिकलेसवरलेले. तो फ्लेक्स आत्ताच तुमच्या नजरेखालून गेला, तोही एका ओळीचा, फोटोवाचून, हारावाचून. तर सांगा बरं, काय लिहिलं होतं त्यावर? रखमाजी स्टुलावरून उठून सावधान उभा राहिलाय.

अहं, वर जाऊन बघायचं नाही.