वडेऱ्यांचा गरीब अवतार

जमीनदारांच्या जुलमावर मालिका काढायला कराचीहून टीव्हीची मंडळी मुरादअली या वडेऱ्यांच्या, म्हणजे तिथल्या बड्या जमीनदारांच्या, गावी आली. वडेऱ्यांनी स्वतःची हवेली, शेतं, म्हशी, सारं आनंदाने देऊ केलं. सिंधभर पसरलेली त्यांची जमीन जशी मोठी, तशीच जुलमाबद्दलची चीडही. अट एकच: नायक ते स्वतः होणार.

"पण साईं, नायक हारी आहे. दुसऱ्याची जमीन कसणारा, उपाशी, अनवाणी," दिग्दर्शक चाचरला.

"मग? गरिबांचे हाल माझ्याइतक्या जवळून कुणी पाहिलेत?"

हे खोडून काढणं अवघड होतं. उरली जुलमी वडेऱ्याची भूमिका. वडेऱ्यांसारख्या झुपकेदार मिशा गावात आणखी एकालाच होत्या: त्यांचाच हारी खमीसो याला. त्याला कडक इस्त्रीचे कपडे चढवून खाटेवर बसवलं. वडेरे फाटक्या सदऱ्यात त्याच्या पायाशी बसले. खमीसो झटकन जमिनीवर उतरला. वडेरे आणखी वाकले, तर खमीसो आडवाच झाला.

"वर बस, गाढवा! नाहीतर जमिनीवरून हाकलून देईन!" वडेरे गरजले.

"अगदी असंच म्हणायचं," दिग्दर्शक खमीसोला म्हणाला.

"तुला हाकलून देईन... आपली परवानगी असेल तर, साईं."

उन्हं कलली तेव्हा कुठे खमीसोच्या गळ्यातून असा आवाज निघाला की गोठ्यातल्या म्हशी बिचकल्या. मग त्याने लाथ मारली. वडेरे धुळीत कोलमडले. खमीसोला जन्मात नव्हतं इतकं बरं वाटलं.

"पुन्हा एकदा घेऊ या का?" त्याने अदबीने विचारलं.

मालिका सुरू झाली आणि मुलूख रडू लागला. वडेऱ्यांना 'दीनांचा कैवारी' म्हणून पदक मिळालं. खमीसोला बाजारात कांदे फेकून मारले. घरी बायको नाथीने भाकरी आपटली.

"मेल्या, गरिबाला लाथ मारताना लाज नाही वाटली?"

"अगं, तो वडेरा होता!"

"टीव्हीत तर तूच होतास!"

शेवटचा भाग पाहून वडेऱ्यांना स्वतःचाच इतका कळवळा आला, की असला राक्षस आपल्या जमिनीवर नको म्हणून त्यांनी खमीसोला पेरणीच्या तोंडावर हाकलून दिलं.

खमीसो दाद मागायला तालुक्याच्या साहेबांकडे गेला. साहेब त्याला पाहताच ताडकन उठले.

"तू? कुठल्या तोंडाने आलास?"

"साहेब, मी हारी आहे. पोरं उपाशी आहेत."

"हारी कसा असतो ते मला शिकवू नकोस!" साहेबांनी रुमालाने डोळे टिपले. "शेवटच्या भागानंतर माझ्या घशाखाली घास उतरला नव्हता. चालता हो!"

शिपायाने खमीसोला मानगूट धरून बाहेर काढलं. सकाळपासून उन्हात ताटकळलेल्या हाऱ्यांच्या रांगेने कडकडून टाळ्या वाजवल्या.