चौथा परिच्छेद

काटेकोरने आयुष्यात एकही कुत्रा पाळला नव्हता. म्हणूनच या विषयावर आपण निःपक्षपातीपणे लिहू शकतो, असं त्याचं ठाम म्हणणं होतं!

काटेकोर हे अर्थातच त्याचं खरं नाव नव्हे. वर्तमानपत्राच्या कचेरीत तो बावीस वर्षं उपसंपादक होता, आणि स्वल्पविराम चुकला तरी चेहरा असा करायचा की जणू घरात मयत झालंय. एकही डेडलाइन चुकवलेली नाही, हा त्याचा पहिला अभिमान. दुसरा अभिमान असा, की स्वतःचा छापलेला मजकूर तो कधीच वाचत नसे. "माझ्या हातून गेलेल्या मजकुरात चूक नसते," तो म्हणायचा. "मग पुन्हा कशाला वाचायचा? उष्टं खायची सवय नाही मला!"

अशा माणसाकडे संपादकांनी 'आपला कुत्रा आपणच निवडा' हे दर गुरुवारचं सदर दिलं. काटेकोरने आठ जाडजूड पुस्तकं आणली, तीन पशुवैद्यांना फोन करून पिडलं आणि एक साचा पक्का केला. सदरात चार परिच्छेद. पहिल्यात त्या जातीचा इतिहास, दुसऱ्यात रूप, तिसऱ्यात गुण. आणि चौथ्यात धोक्याच्या सूचना: हा कुत्रा कुणी पाळू नये, का पाळू नये, पाळलाच तर काय होईल. "शेवटचं वाचलेलं लक्षात राहतं," तो म्हणाला. "म्हणून महत्त्वाचं शेवटी!"

आता गंमत अशी, की कचेरीत येणाऱ्या प्रत्येक नवख्याला हाच काटेकोर पहिल्या दिवशी उलटं शिकवायचा. महत्त्वाचं वर, बिनमहत्त्वाचं खाली, कारण जागा कमी पडली की बातमी खालून कापतात. पण तो नियम बातमीचा. सदर म्हणजे साहित्य! साहित्याला कोण हात लावतो?

पाचव्या आठवड्यात पहिला फोन आला. एक डेंटिस्ट होता.

"अहो, तुमचं वाचून पग घेतला. गच्चीवर दुपारी दहा मिनिटं खेळवला तर घोरायला लागला, आडवाच पडला! सलाइन लावावं लागलं."

"चपट्या नाकाच्या कुत्र्याला उन्हात खेळवायचं नसतं," काटेकोर शांतपणे म्हणाला. "चौथा परिच्छेद वाचा."

"कुठला चौथा?"

"तिसऱ्याच्या नंतरचा!" काटेकोरने फोन ठेवला आणि शेजारच्याला म्हणाला, "दात मोजता येतात, परिच्छेद मोजता येत नाहीत!"

मग एक शिंपी आला. त्याच्या डाल्मेशियनने कोंडून ठेवल्याच्या रागात गिऱ्हाइकाच्या लग्नाचा कोट उभा फाडला होता. "याला रोज दोन तास पळवावं लागतं, हे आधी का नाही सांगितलं?" "सांगितलंय. नीट वाचा!" मग पत्रं आली, मग पत्रांची पिशवी आली. काटेकोरने सगळ्यांना एकच उत्तर छापून ठेवलं: 'कृपया मजकूर शेवटपर्यंत वाचावा.' वाचकांचा दर्जा घसरत चालला आहे, अशी चिंताही त्याने संपादकांकडे बोलून दाखवली.

दहाव्या आठवड्यातल्या बुधवारी एक बाई थेट त्याच्या टेबलाशी आल्या. टायपिंग शिकवणाऱ्या बाई होत्या, एकट्या, चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या. त्यांच्यासोबत बीगल होता. लांब कान, तपकिरी डोळे. टेबलाखाली बसल्या बसल्या त्याने मान वर केली आणि असा सूर लावला, की क्रीडा विभागात एकाच्या हातून चहाचा पेला पडला!

"हा मी क्लासला गेले की असा ओरडतो. पाच-पाच तास," बाई म्हणाल्या. "सोसायटीने नोटीस दिलीय. तुम्ही लिहिलंत, एकट्या माणसाला गोड सोबत. आता मी काय करू ते सांगा."

"बीगल एकटा राहू शकत नाही. मी स्पष्ट लिहिलंय."

"नाही लिहिलंत."

"बाई, मी बावीस वर्षं या धंद्यात आहे. नीट वाचा."

बाईंनी कुत्र्याची साखळी उचलली आणि निघून गेल्या. जाताना बीगलने काटेकोरच्या बुटावर नाक घासलं. काटेकोरने रुमालाने बूट पुसला.

पुढच्या मंगळवारी सकाळी त्याच्या ताईचा फोन आला.

"नाना पडलेत. खुब्याचं हाड मोडलंय. ताबडतोब ये!"

"पडले कसे?"

"कुत्र्याने ओढलं!"

"कुणाच्या?"

"त्यांच्याच! हस्की आहे त्यांच्याकडे. दीड महिना झाला. तुला माहीत नाही? तू त्यांचा मुलगा ना?"

नाना म्हणजे काटेकोरचे वडील. वय अठ्ठ्याहत्तर. आई गेल्यापासून शहराच्या दुसऱ्या टोकाला एकटेच राहायचे.

हॉस्पिटलात नाना पाय वजनाला टांगून पडले होते. चेहरा भिंतीसारखा पांढरा. पण जबडा घट्ट. शेजारी हाडांचे डॉक्टर आणि हातात कागद घेतलेली ताई.

"उद्या सकाळी ऑपरेशन करायलाच हवं," डॉक्टर काटेकोरला म्हणाले. "या वयात माणूस पडून राहिला की छातीत पाणी भरतं. मग आमच्या हातात काही राहत नाही. पण हे संमतीपत्रावर सहीच करत नाहीत!"

"आधी गुरुवार कुठे आहे ते सांगा," नाना म्हणाले. "मी पडलो आणि तो साखळीसकट पळाला. तो सुखरूप दिसल्याशिवाय मी सही करणार नाही."

"गुरुवार कोण?"

"कुत्रा! तुझं सदर गुरुवारी येतं म्हणून."

काटेकोर खाली बसला. "नाना, हस्की? अहो, मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. फोन केला तर म्हणालास, डेडलाइन आहे, नंतर बोलतो. नंतर म्हणजे कधी? पेपर मात्र दर गुरुवारी न चुकता येतो. म्हटलं, तुझ्याशी बोलायची हीच एक खिडकी उघडी आहे."

त्यांनी ताईकडून घरून मागवून घेतलेली वही उशीखालून काढली. प्रत्येक पानावर सदराचं एकेक कात्रण, कडा पट्टीने कापलेल्या, डिंकाचा डाग नाही. काटेकोरपणा हा आनुवंशिक होता! काटेकोरने पान उलटलं. लॅब्रेडॉर, तीन परिच्छेद. पग, तीन परिच्छेद. हस्की, तीन परिच्छेद: 'देखणा, प्रेमळ, फारसा न भुंकणारा.' त्याखाली, चौथ्या परिच्छेदाच्या नेमक्या जागी, ठसठशीत चौकट होती: 'सर्व जातींची पिल्लं आणि वाढलेले कुत्रे मिळतील. आजच फोन करा!'

"हा नंबर..." काटेकोरने चौकटीवर बोट ठेवलं.

"हां, त्यावरच केला फोन," नाना म्हणाले. "म्हटलं, पोराने माहिती दिली, वर सोयही करून दिली. गुणाचं पोर!"

काटेकोरला आपला चौथा परिच्छेद तोंडपाठ होता. 'ही जात बर्फावरून गाडी ओढण्यासाठी घडवलेली आहे. ओढणे हाच तिचा स्वभाव. साखळी मनगटाला कधीही गुंडाळू नये. वृद्धांनी आणि एकट्या राहणाऱ्यांनी हिच्या वाटेला जाऊ नये.' त्याने नानांच्या उजव्या मनगटाकडे पाहिलं. साखळीच्या कड्यांचे निळे वळ गोल उमटले होते. मोजून तीन वेढे.

कचेरीत ज्याला सगळे 'कात्री' म्हणायचे, त्या पान लावणाऱ्या सहकाऱ्याला त्याने तिथूनच फोन लावला.

"माझा चौथा परिच्छेद कापलास तू?"

"कुठल्या आठवड्याचा?"

"म्हणजे?"

"सगळ्याच आठवड्यांचा कापलाय. पिल्लंवाल्याची जाहिरात तुझ्याच सदराखाली पाहिजे असते. जागा तेवढीच. मग खालून कापतो."

"अरे, पण धोक्याच्या सूचना होत्या त्या!"

"मग वर लिहायच्या!" कात्री म्हणाला. "पहिल्या दिवशी तूच शिकवलंस मला. महत्त्वाचं कधी खाली असतं का?"

काटेकोरने फोन ठेवला. वाद घालायला वेळही नव्हता. नानांची सही अडली होती. त्याने चार ठिकाणी फोन केले. सकाळी महापालिकेच्या गाडीने एक निळ्या डोळ्यांचा कुत्रा पकडून कोंडवाड्यात नेल्याचं कळलं.

कोंडवाड्याच्या कचेरीत फिनेलचा वास होता. कोंडवाड्याचा मुकादम टेबलामागे बसला होता आणि त्याच्या डोक्यावर, भिंतीला, काटेकोरच्या सदराची अकरा कात्रणं टाचणीने टोचली होती.

"वाचता तुम्ही?" काटेकोरने विचारलं. लेखकाचा मोह, दुसरं काय!

"वाचावंच लागतं. पुढच्या आठवड्यात कुठली जात येणार, ते आधी कळतं. पग छापून आला की पिंजरे रिकामे करून ठेवतो. हा जो कोण लिहितो ना, तो एकदा माझ्या हाती लागला पाहिजे!" मुकादमाने अर्ज पुढे सरकवला. "नाव, धंदा, सही. सात दिवस ठेवतो आम्ही. सातव्या दिवशी संध्याकाळी पाचला सुई. जागाच नाही हो."

काटेकोरने नाव लिहिलं. धंद्यापाशी थांबला. मग खालच्या मानेने तोही लिहिला. मुकादमाने अर्ज वाचला, भिंतीकडे पाहिलं, पुन्हा अर्ज वाचला. मग म्हणाला, "या. सगळेच बघून घ्या."

एका रांगेत चोवीस पिंजरे. पग, बॉक्सर, शिंप्याचा डाल्मेशियन. काटेकोर एकेकासमोरून असा चालला, जणू आपलंच सदर पुन्हा वाचतोय. पहिल्यांदाच, आणि शेवटपर्यंत. एकोणिसाव्या पिंजऱ्यात बीगल होता. पाटीवर खडूने लिहिलेलं: दिवस सहावा. तो ओरडत नव्हता. काटेकोर दिसताच उठला आणि गजांतून नाक बाहेर काढून बूट शोधू लागला.

"बाई रडत होत्या ठेवताना," मुकादम म्हणाला. "म्हणाल्या, मला नीट वाचता येत नाही म्हणे."

"हाही नेतो मी," काटेकोर एकदम म्हणाला.

"एका माणसाला एका दिवशी एकच. नियम आहे. उद्या या. पाचच्या आत. पाच म्हणजे पाच!"

"मला डेडलाइन शिकवू नका," काटेकोर म्हणाला. "बावीस वर्षांत एकही चुकवलेली नाही!"

गुरुवारची साखळी हातात येताच मुकादमाने बजावलं, "मनगटाला गुंडाळू नका."

"माहीत आहे. मीच लिहिलं होतं."

"कुठे? मी तर सगळं वाचतो."

बाहेर पडताच गुरुवारने आपला स्वभाव दाखवला. काटेकोर चालत होता असं म्हणता येणार नाही. तो नेला जात होता! एक भाजीची हातगाडी, दोन कुंड्या आणि एक पोस्टमन पार करून तो हॉस्पिटलच्या आवारात पोचला तेव्हा चष्मा एका कानावर लोंबत होता. तळमजल्याच्या खिडकीतून नानांनी पाहिलं. गुरुवारने पुढचे पाय चौकटीवर ठेवले आणि सगळी काच चाटून धुरकट केली. नानांनी सही केली. घरी बायकोने दार उघडलं, कुत्र्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "यातला कुठला आत घ्यायचा?"

बुधवारी सकाळी ऑपरेशन झालं. नाना वाचले. काठीशिवाय यापुढे चालणार नाहीत, एकटे राहणार नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं. दुपारी काटेकोर कचेरीत बसला आणि त्याने उद्याचं सदर लिहायला घेतलं. या वेळी महत्त्वाचं वर! अकरा जातींच्या अकरा धोक्याच्या सूचना, एकाखाली एक. आणि सर्वांत शेवटी माफी. ती मात्र त्याला जमेना. 'चूक झाली' की 'माझी चूक झाली'? 'वाचकांची' की 'वाचकांची आणि त्यांच्या मुक्या सोबत्यांची'? त्याने ते वाक्य सात वेळा लिहिलं, सात वेळा खोडलं. आयुष्यात इतकं चांगलं वाक्य त्याने लिहिलं नव्हतं. शेवटचा पूर्णविराम दिला, समाधानाने मान वर केली आणि भिंतीवरचं घड्याळ पाहिलं.

साडेपाच.

तो मजकूर टेबलावर तसाच टाकून पळाला. रिक्षा मिळेना म्हणून पळतच गेला. एकोणिसावा पिंजरा धुतलेला होता. फरशी अजून ओली होती. मुकादम पाटीवरचा खडू फडक्याने पुसत होता.

"पाच वाजून दहा मिनिटांपर्यंत थांबलो होतो," तो म्हणाला. "तुम्ही म्हणालात, कधी चुकवत नाही, म्हणून."

गुरुवारी सकाळी काटेकोर हॉस्पिटलात गेला तेव्हा नाना उशीला टेकून पेपर वाचत होते.

"छान लिहिलंस," ते म्हणाले. "सूचना स्पष्ट आहेत. पण एक राहिलं. माफी मागायला हवी होती रे तू."

"मागितली नाना."

"कुठे?"

"शेवटच्या ओळीत."

नानांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला आणि पेपर त्याच्यापुढे धरला. आदल्या दिवशी कात्रीची साप्ताहिक सुट्टी होती. त्याच्या जागी बसलेल्याने आपलं काम चोख केलं होतं. काटेकोरने बावीस वर्षांत पहिल्यांदाच स्वतःचा मजकूर छापून आल्या दिवशीच वाचला. शेवटपर्यंत, म्हणजे चौकटीपर्यंत.

"फोन नंबर मात्र बरोबर छापलाय," नाना म्हणाले.