मांडवातली लढाई

बीडच्या पंचक्रोशीत फौजीच्या घरी लग्न निघालं, की फौजेतून निवृत्त झालेले हवालदारकाका हजर. निमंत्रण असो वा नसो, बहुधा नसेच. खांद्याला टेपरेकॉर्डर, अंगात कडक इस्त्रीचा सदरा आणि तोरा असा, की नवऱ्या मुलाच्या बापालाही वाटावं, आपणच उशिरा आलो.

अक्षतांशी त्यांना कर्तव्य नसे. वऱ्हाडातला जुना फौजी हेरायचे, मांडवाच्या खांबाशी गाठायचे आणि बटण दाबून दम भरायचे, "लढाईतलं सांग. खरं बोल बे, कॅशेट फिरायलीय!"

"काका, लग्नातच कशाला?" मी एकदा विचारलं. एसटी स्टँडजवळ माझं कॅसेटचं दुकान. घरोघरी नुकती केबल आली होती, गिऱ्हाईक नवी गाणी भरून मागायचं. कोरी कॅसेट मागणारे काका एकटेच.

"फौजी घरी बोलत न्हाई. बायकूला वाटतं, थापा मारायलाय. मांडवात धा फौजी जमत्यात. एक खोटं बोलला की नऊजण धरत्यात!"

तर्क बिनतोड होता.

कॅसेटींचं खोकं भरल्यावर काकांनी ते आपल्या पलटणीच्या संग्रहालयाला पाठवलं. तिथे नव्या रंगरुटांना या गोष्टी ऐकवायचं ठरलं होतं. काका आठवडाभर छाती काढून हिंडले. मग पार्सल परत आलं. तिथले मेजरसाहेब साताऱ्याकडचे; त्यांचा निरोप होता, गोष्टी अस्सल आहेत, पण गोंगाट काढून द्या.

साहेबांचंही खरंच होतं म्हणा. शत्रू ऐन टेकडीखाली यायचा आणि लाउडस्पीकर गरजायचा, "नवरीच्या मामांनी ताबडतोब बोहल्याजवळ यावं!" रंगरुटाला वाटणार, लढाई मामांनीच मारली.

आम्ही सफाईला बसलो. काका हुकूम सोडायचे. बँड? "उडव!" मंगलाष्टका? "उडव!" मग लिंबागणेशच्या फौजी नामदेवमामांची कॅसेट लागली. मामा आता हयात नव्हते. त्यांची गोष्ट होती ती एवढीच. जखमी साथीदाराला पाठीवर घेऊन ते नाला ओलांडत होते, सांगतानाही त्यांना धाप लागलेली, आणि मध्येच एका बाईचा आवाज आला, "आवं, ताट गार व्हायलंय. भावजींलाबी घिऊन या."

मी कापायला हात घातला. काकांनी मनगट धरलं.

आवाज काकूंचा होता. काकूंना जाऊन वर्ष होत आलं होतं.

"मूळ कॅसेट तुमच्याजवळ राहू द्या," मी म्हणालो. "तिकडे साफ केलेली पाठवू."

काका उठून शेजारच्या एसटीडी बूथवर गेले. मेजरसाहेबांना फोन लागताच सावधान उभे राहिले. वरच्या साहेबाला जन्मात 'नाही' न म्हटलेला हा माणूस.

"बाकी समदं कापलं, साब. ही एक हाक कापनार न्हाई. माझ्या मालकिनीचा आवाज हाय." मग म्हणाले, "तिथली पोरं घर सोडून आल्याली असत्यात. त्यांला कुनीतरी जेवाय बोलवावं, साब."

ते बराच वेळ ऐकत उभे राहिले. शेवटी खणखणीत "जी साब" म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"ऱ्हाऊ द्या म्हनले."

परत येऊन ते स्टुलावर बसले. पाठ ताठच होती, डोळे मात्र भरून आले होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, आज आमच्याकडे जेवायला चला."

"आज न्हाई बे," त्यांनी कॅसेट काकूंच्या हाकेपर्यंत मागे फिरवली. "आज बोलावनं आलंय."