फार्महाऊसमधल्या भुताचा चेहरा

अंधार निसर्गात फुकट मिळतो. पण त्याचे चित्रीकरण करायचे म्हटले की दिवे लागतात, आणि दिवे फुकट मिळत नाहीत. या सत्याला स्मरून आमच्या वाहिनीने झपाटलेल्या फार्महाऊसवरचा भयपट भर उन्हात चित्रित केला. रात्र नंतर संगणकावर करून घ्यायची, असा शास्त्रशुद्ध निर्णय झाला. (शिवाय रात्री सगळे जेवायला आपापल्या घरी जातात, तोही खर्च वाचतो. निर्मात्यांची दूरदृष्टी वादातीत आहे.)

फार्महाऊसच्या मालकीणबाईंनी जागा दिली, पण घर सोडायला साफ नकार दिला. "तुमचं भूत तुमच्यापाशी. माझं धुणं दोरीवरच वाळणार," असे त्यांनी बजावले. परिणामी, कथेत शंभर वर्षे ओस पडलेल्या त्या वास्तूत जिकडेतिकडे ताजे धुतलेले टॉवेल दिसत, आणि एका दृश्यात शेंगा सोलत बसलेल्या खुद्द मालकीणबाई.

भुताचे काम करणाऱ्या बाई अनुभवी होत्या. चादरीखालचे प्रेत, बँडेजमधला रुग्ण, पाठमोरी शेजारीण अशा भूमिका त्यांनी गाजवल्या होत्या. चेहरा तेवढा पडद्यावर यायचा राहिला होता. सासूबाई आल्यागेल्याला सांगत, "सून टीव्हीत काम करते म्हणे. कुणी पाहिलंय का हो?" हे बाईंच्या फार जिव्हारी लागले होते. म्हणून त्या रंगभूषाकाराला विनवत, "दादा, पांढरं जरा कमी लावा ना. घरच्यांना मी ओळखू यायला हवी." शेवटच्या दृश्यात त्या खिडकीतून अशा डोकावल्या की मालकीणबाईंनी आपण होऊन धुणे आत नेले. भयपटाला याहून मोठी पावती नाही.

मग रात्र करण्याची प्रक्रिया सुरू झाली. छायाचित्रकाराने सगळा चित्रपट काळा केला, कारण रात्र. दिग्दर्शकाने आणखी काळा केला, कारण टॉवेल. वाहिनीच्या साहेबांनी फोनवरूनच "अजून थोडा काळा करा" म्हटले, कारण साहेब. चित्रपट पाहून मत बनवण्याइतकी फुरसत कुणालाच नव्हती, आणि एकाने केलेले दुसऱ्याला सांगायची आमच्याकडे पद्धत नाही. (याला परस्परविश्वास म्हणतात.)

प्रक्षेपण रविवारी दुपारी, जेवणे उरकल्यावर झाले. बाईंच्या घरी नणंद, दीर, शेजारीपाजारी झाडून सगळे जमले. सासूबाई अगदी पुढच्या खुर्चीत, पाठीशी खिडकी सताड उघडी. शेवटचे दृश्य आले.

"आता बघा हं! आता मी!" बाई ओरडल्या.

पडदा काळाकुट्ट झाला. स्वच्छ, चकचकीत काळा. सासूबाई पुढे वाकल्या आणि किंचाळल्याच.

"अगं आई गं! काय ते डोळे! काय तो जबडा! तूच का गं ती?"

तो चेहरा कुणाचा, हे बाईंना तत्काळ कळले. पण सासूबाई छातीवर हात ठेवून पुढे म्हणाल्या, "शाब्बास! मानलं हो तुला." हा शब्द ऐकायला बाईंनी लग्नापासूनची सगळी वर्षे काढली होती. त्यांना रडूच आले.

"मीच हो, आई," त्या म्हणाल्या.

वाहिनीचे फोन रात्रीपर्यंत खणखणत होते. कुणाला टकलू भूत दिसले, कुणाला दातांची कवळी काढलेले. एका कुटुंबाने तर सोफ्यावर ओळीने बसलेली पाच भुते पाहिली, पैकी एकाच्या पोटावर रिमोट. प्रत्येक घराला वेगळे भूत देणे मोठमोठ्यांना जमलेले नाही, असे म्हणत साहेबांनी स्वतःची पाठ थोपटून घेतली. वर्षातले सर्वोत्कृष्ट भूत म्हणून बाईंचा सत्कारही झाला. समोर सासूबाई सगळ्यांना सांगत होत्या, "आमची सून!"

तुमचा हा चित्रपट पाहायचा राहिला असेल तर हळहळू नका. टीव्ही बंद करा आणि समोर जरा बसून राहा. भूत दिसेल. नेहमीच्या जागीच बसलेले असेल.