काकूंच्या वाटचे फटके

९ एप्रिल. वर्षभराच्या शरबती गव्हाला एरंडेल चोळायला बसले होते. सकाळच्या खेळाने खांदा भरून आला होता, पण डोकं तापलं होतं ते शेजारच्या गोखलेकाकांमुळे.

पंचाहत्तरीचा हा माणूस कुठलीच वस्तू जमिनीला लागू देत नाही. आपल्या हातून चमचा निसटला, की तो वाटेतच काकांच्या हातात असतो. एका लग्नात त्यांनी परक्या माणसाच्या ताटातून घरंगळलेला लाडू झेलून परत त्याच्या ताटात ठेवला. "खाली पडलं की गेलं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षं बॅडमिंटन खेळल्याचा परिणाम.

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये मी लहानाची मोठी झाले. बाबा आणि काका एकाच खात्यात. थंडीत संध्याकाळी क्लबच्या हॉलमध्ये जोड्या खेळायच्या. काकांच्या जोडीला सिंधूकाकू पदर खोचून, पांढरे कॅनव्हासचे बूट घालून उतरायच्या. आम्ही मुली पिसं झडलेली शटलं गोळा करायचो. काका मात्र काकूंच्या वाटचे फटकेही स्वतःच मारायचे. बाबा त्यांना हावरट म्हणत. काकू नुसत्या हसत.

काकू गेल्या आणि काकांनी रॅकेट माळ्यावर टाकली. तीन वर्षांनी, गेल्या आठवड्यात, ते दारात उभे राहिले. हातात बिनतारेची, भोकं पाडलेली जाड बॅट. बुंदीचा झारा कुठून आणलात, असं मी विचारलं. पॅडल नावाचा नवा खेळ आहे म्हणाले. काचेच्या भिंतींच्या आत चौघांनी खेळायचा. शर्माजी आणि त्यांची बायको तयार होते. चौथं माणूस मिळालं नाही तर कोर्टाची राखून ठेवलेली सकाळची वेळ जाणार होती, आणि तीन घरांनी आधीच नाही म्हटलं होतं. मी हो म्हटलं.

आज पहिला दिवस. पॅडलमध्ये चेंडू एकदा खाली पडून काचेवर आपटला तरी चालतो. शिकवणारी मुलगी पुन्हा पुन्हा सांगत होती, "अंकल, गिरने दीजिए, काँच से लौटकर आएगी." काका कसले ऐकतात. स्वतःचे चेंडू हवेत मारलेच, माझ्या बाजूला घुसून माझेही मारले. तासाभरात माझ्या बॅटला तीन चेंडू लागले. उद्यापासून येणार नाही, असं तिथेच सांगून मी घरी आले.

दुपारी काका आले. बाह्या सरसावून समोर बसले आणि गव्हाला तेल चोळू लागले.

"मंगल, चुकलंच माझं," परातीकडे बघत म्हणाले. "सिंधूचे गुडघे पस्तिशीतच गेले होते. वाकता यायचं नाही, धावता यायचं नाही. खेळणं मात्र सोडायचं नव्हतं तिला. मग तिचेही मी घ्यायला लागलो. अजून पाय तिकडेच धावतात बघ."

"बाबा तुम्हाला हावरट म्हणायचे."

"सगळेच म्हणायचे. तिला कुणी लंगडी म्हणण्यापेक्षा ते बरं."

थोड्या वेळाने हात पुसून उठले. चौथं माणूस मी बघतो, तू काळजी करू नकोस, म्हणाले.

१० एप्रिल. सकाळी नवऱ्याला चहाची पूड कुठल्या डब्यात असते ते दाखवलं, आणि साडेसहाला कोर्टावर काकांच्या डाव्या हाताला उभी राहिले. पहिलाच चेंडू माझ्याकडे आला. काका धावले. मी बाजूला झाले.